प्रवाळाचे कलम आणि चुन्याची निवळी

गेल्या ऑगस्टमध्ये मी मॉन्टिपोरा या प्रवाळाचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा सिरॅमिकच्या चकतीवर चिकटवला होता. या रविवारी भिंगातून पाहिले, तेव्हा गोंदाचा एकही ठिपका दिसला नाही. तुकड्याने आपली जांभळी कड चहूकडे पसरवून चकती पूर्ण झाकली होती आणि ती कड आता खालच्या खडकावर उतरू लागली होती. गोंद प्रवाळाला फक्त काही आठवडे स्थिर धरतो. खरी जोडणी प्रवाळ स्वतः करतो, पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन, ॲरागोनाइटचा, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेटचा, थरावर थर चढवत.

न्यू जर्सीतील आमच्या घरी 75 गॅलनची, म्हणजे सुमारे 284 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. प्रवाळ म्हटले की घरच्यांना प्रथम मंगळाच्या अंगठीतले पोवळे आठवते. ते भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळाचे असते आणि त्याच्या पॉलिपला, म्हणजे वसाहतीतील एकेका लहान जीवाला, आठ शुंडके असतात. माझ्याकडील ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा आणि युफिलिया हे सहाच्या पटीत शुंडके असलेले, प्रवाळभित्ती रचणारे कठीण प्रवाळ आहेत. भारतात 2001 पासून असे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणून तिकडच्या वाचकांनी मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला तुकडाही उचलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तेथील सागरी अभयारण्य 1987 पासून याच जीवांना जपत आले आहे. माझ्या टाकीतील प्रत्येक तुकडा इथल्या दुसऱ्या कोणाच्या तरी टाकीत वाढलेल्या वसाहतीचे कलम आहे.

कलम हाच शब्द मला योग्य वाटतो, कारण गुलाबाच्या छाटाप्रमाणेच येथेही निरोगी फांदी स्वच्छ कापून नव्या जागी स्थिर ठेवायची असते. ॲक्रोपोराची फांदी बोन कटरने एका दाबात तुटते. जाड सांगाड्याच्या प्रवाळांना हिऱ्याचे पाते असलेली करवत लागते. युफिलिया कापताना पाते मांसल तोंडापासून बरेच खाली, नुसत्या सांगाड्यातून न्यावे. नवीन आणलेल्या फांदीचे जुने बूड मी नेहमी तोडून टाकतो. एका दुकानातून घेतलेल्या ॲक्रोपोराच्या बुडाशी चपट्या कृमींची तपकिरी अंडी होती. औषधी पाण्याच्या बुडवणीने कृमी गळून पडले, पण अंडी त्या औषधाला दाद देत नाहीत, हे मला महिनाभराने कळले, तोवर शेजारच्या दोन वसाहती पांढऱ्या पडल्या होत्या.

चिकटवण्यासाठी घट्ट जेलच्या रूपातील सायनोॲक्रिलेट, म्हणजेच सुपरग्लू गोंद, वापरावा. तो ओलाव्यानेच आवळतो. मात्र पाण्यात नेताच त्याच्यावर पातळ कातडी धरते आणि ती फोडली नाही, तर तुकडा चिकटल्यासारखा वाटून दुसऱ्या दिवशी वाळूत पडलेला दिसतो. म्हणून खडकावर टेकवताना तुकडा किंचित दाबून अर्धा वळसा द्यावा लागतो. फांदी जड असेल तर दोन भागांची इपॉक्सी कणकेसारखी एकजीव होईपर्यंत मळून घ्यावी, तिच्या गोळ्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे गोंद लावावा आणि मग तो गोळा खडकाच्या खाचेत बसवावा. इपॉक्सी नुसती पोकळी भरते, पकड गोंदाची असते. तो खडक त्याआधी दात घासण्याच्या ब्रशने शेवाळापासून मोकळा केलेला असावा, कारण शेवाळावर लावलेला गोंद शेवाळासकटच सुटून येतो. जागा निवडताना आजच्या तुकड्याकडे न पाहता दोन वर्षांनंतरच्या आकाराकडे पाहावे. युफिलियाचे लांब शुंडके रात्री शेजाऱ्याला भाजून काढतात, त्यामुळे तिच्याभोवती वीतभर जागा मी मोकळी ठेवतो.

आता चुन्याविषयी. शाळेत फुंकनळीने हवा सोडल्यावर दुधाळ होणारी चुन्याची निवळी आपण सर्वांनी पाहिली आहे. जर्मन शौकिनांकडून आलेला 'काल्कवासर' हा शब्द मी प्रथम वाचला, तेव्हा तो ओळखीच्या त्याच निवळीचा आहे हे समजून फार आनंद झाला. टाकीतून रोज बाष्पीभवनाने उडणाऱ्या पाण्याची भरपाई मी साध्या शुद्ध पाण्याऐवजी या निवळीने करतो. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कता ही दोन्ही, प्रवाळ ज्या प्रमाणात वापरतो जवळपास त्याच प्रमाणात मिळतात: अल्कतेच्या (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याच्या) प्रत्येक 2.8 डीकेएचमागे, म्हणजे अल्कता मोजण्याच्या 2.8 जर्मन अंशांमागे, लिटरला सुमारे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, घरातील हवेत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टाकीचा पीएच उतरतो. निवळी तोच वायू धरून ठेवते आणि पीएच वर नेते. पीएच रात्री सर्वांत खाली असतो, म्हणून ती रात्री, थेंबाथेंबाने सोडावी. तळाचा गाळ आणि वर धरलेली साय टाकीत जाऊ देऊ नये. संपृक्त निवळीचा पीएच 12 च्या वर असतो, त्यामुळे घाई केल्यास प्रवाळ भाजून निघेल.

घाईचे दुःख मी भोगले आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी अल्कता 7 डीकेएचवर आलेली पाहून मी ती दोन दिवसांत 10 वर नेली. तिसऱ्या दिवसापासून ॲक्रोपोरांची त्वचा बुडापासून सोलत गेली आणि चार वर्षे वाढवलेल्या चार वसाहती गेल्या. 7 हा आकडा समुद्राच्या पाण्याच्या अगदी जवळचा आहे. त्यावर त्या सुखाने जगल्या असत्या. तेव्हापासून मी अल्कता 8 च्या आसपास ठेवतो आणि एका दिवसात अर्ध्या अंशापेक्षा अधिक बदल होऊ देत नाही.

तुकडे फार लहान कापण्याची भीती मात्र आता उरली नाही. फ्लोरिडातील मोट सागरी प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन यांच्या हातून एल्कहॉर्न प्रवाळाचा तुकडा चुकून मोडला आणि टाकीच्या तळाशी राहिलेले मोजके पॉलिप अनपेक्षित वेगाने पसरले. त्यातूनच सूक्ष्म तुकड्यांची पद्धत उभी राहिली आणि आज ती समुद्रातील प्रवाळभित्ती सावरण्यासाठी वापरली जाते. कापलेली कड भरून काढण्याच्या ओढीने प्रवाळ वेगाने पसरतो, हे मी माझ्या मॉन्टिपोरातही पाहिले आहे.

तीन आठवड्यांपूर्वी लावलेल्या ॲक्रोपोराच्या तीन फांद्यांपैकी दोघींच्या बुडाशी नव्या वाढीची पांढरी, पातळ कड दिसू लागली आहे. तिसरीच्या बुडाशी अजून काहीच नाही. तिचे पॉलिप रात्री नीट उघडतात, म्हणून तिला मी जागेवरून हलवणार नाही.