तुम्ही विचारलंत म्हणून: जहाजांच्या संग्रहालयात करता तरी काय?

भेटेल तो हे विचारतो. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "पैसे मिळतात का?" दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. स्वयंसेवक होते तेव्हा नाही, पुढे इंटर्न झाले तेव्हा थोडं मानधन मिळालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबतं.

स्वयंसेवक म्हणून माझं काम दालनात, माणसांशी. सगळ्यात आवडती गोष्ट दोरीची. दर 47 फूट 3 इंचांवर गाठ मारलेली दोरी, तिच्या टोकाला लाकडाची फळी आणि 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ. फळी समुद्रात टाकायची. ती पाण्यात जागच्या जागी थबकते, जहाज पुढे जातं आणि दोरी सुटत जाते. वाळू संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी सरकल्या, तितका वेग. म्हणून जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींतच मोजतात. त्या फळीचं नाव लॉग, आणि वेग जिच्यात लिहायचा ती लॉगबुक. शाळेच्या सहलीतली मुलं जहाज होऊन दालनभर दोरी ओढत पळतात. एकदा एकीने विचारलं, "खाली पाणीच वाहत असेल तर?" फळीही पाण्याबरोबर वाहणार, म्हणजे मोजलेला वेग पाण्याच्या तुलनेतला, जमिनीच्या नव्हे. खलाशांचे अंदाज चुकायचे त्याचं हे एक मोठं कारण. हे मी तिला सांगितलं खरं, पण आधी दोन मिनिटं गप्प होते.

इंटर्नशिप वेगळी. सहा महिन्यांची मुदत, एक ठरलेलं काम, वर एक मार्गदर्शक आणि शेवटी अहवाल. जागा भांडारात, माणसांपासून दूर. पहिला आठवडा नुसते नियम शिकण्यात गेला. शाई बंद, फक्त पेन्सिल. जहाजाची प्रतिकृती डोलकाठीला धरून कधीच उचलायची नाही, दोन्ही हात तळाखाली. धातूला हातमोजे, कारण घामातल्या क्षारांनी तो गंजतो. जुन्या कागदाला मात्र स्वच्छ, कोरडे हात बरे, मोज्यांत पानाचा अंदाज येत नाही आणि ते फाटतं. (सिनेमातले ते पांढरे मोजे विसरा.) समुद्रातून वर काढलेली वस्तू तशीच वाळवली तर बिघडते, हेही तिथेच कळलं. 1628 साली पहिल्याच सफरीत बुडालेलं 'वासा' हे स्वीडिश जहाज 1961 साली वर काढलं, तेव्हा लाकूड आक्रसून तडकू नये म्हणून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनाचा फवारा 17 वर्षं चालला होता. हे वाचल्यावर माझी सहा महिन्यांची मुदत फारच किरकोळ वाटायला लागली.

माझं काम होतं अठराव्या शतकातल्या एका ब्रिटिश युद्धनौकेची लॉगबुक उतरवून काढण्याचं. वारा, दिशा, शिडं, आजारी किती. हस्ताक्षर जमायला दोन आठवडे गेले. मग एक वादळ आलं. लॉगबुकमध्ये ते 10 तारखेच्या दुपारी, आणि त्याच जहाजावरच्या एका अधिकाऱ्याच्या पत्रात 9 तारखेच्या दुपारी. मी माझ्या टिपणवहीत पेन्सिलीने लिहिलं, 'कप्तानाची चूक'.

मार्गदर्शकबाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "दिवस कधी सुरू होतो?" मी म्हटलं, मध्यरात्री. त्या म्हणाल्या, "जमिनीवर."

त्या काळी जहाजावरचा दिवस दुपारी बारा ते दुपारी बारा चाले. सूर्य माथ्यावर आला की अक्षांश मोजायचा आणि तिथेच तारीख बदलायची. म्हणून लॉगबुकमधली 10 तारीख आपल्या 9 तारखेच्या दुपारीच सुरू होते. ब्रिटिश नौदलाने ही पद्धत 1805 मध्ये बंद केली. म्हणजे कप्तानही बरोबर होता आणि पत्र लिहिणाराही. चूक माझी, आणि एका नोंदीपुरती नव्हे. तोवर उतरवलेल्या चाळीसेक पानांवरची दुपारनंतरची प्रत्येक नोंद मी एक दिवस पुढे टाकली होती. जुन्या काळचं हवामान अभ्यासणारे संशोधक अशाच नोंदी वापरतात, त्यामुळे हे खपून जाण्यासारखं नव्हतं. पुढचे अकरा दिवस मी तारखा दुरुस्त करत बसले.

तुमच्यातल्या कुणाला जायचं असेल तर अर्जात "मला इतिहासाची आवड आहे" एवढंच लिहू नका, ते सगळेच लिहितात. शिवण येतं का, सुतारकाम येतं का, जुनं हस्ताक्षर लागतं का, दर आठवड्याला ठरल्या दिवशी येणार का, ते लिहा.

ती टिपणवही अजून माझ्याकडे आहे. ते दोन शब्द मी खोडले, पण पेन्सिल जरा जोरात दाबली होती. पान उजेडात तिरकं धरलं की अजून वाचता येतात.