कॅक्टस नव्हताच तो

दोन वर्षं मी ज्याला कॅक्टस कॅक्टस म्हणत होते तो कॅक्टस नाहीच, हे मला कुंडी बदलताना कळलं. एक फांदी मोडली आणि भळाभळा पांढरा चीक आला. हात धुतले पण घाईघाईत, आणि मग सवयीने डोळा चोळला. पुढचा अर्धा-पाऊण तास नळाखाली. डोळा वाचला, झोप मात्र गेली, मग एका डोळ्याने मोबाईलवर वाचत बसले. आजची पोस्ट ही त्या चिकाचीच कृपा.

तर एवढा दुधासारखा चीक म्हणजे बहुतेक वेळा युफोर्बिया. माझा आफ्रिकेकडचा निघाला. खरे कॅक्टस अमेरिकेतले, त्यांच्यातली एकच जात काय ती समुद्र ओलांडून आपली आपण आफ्रिकेत पोचलीये. खूण पण सोपी आहे, कॅक्टसच्या काट्यांचा झुबका एका बारीकशा लोकरीच्या उशीतून निघतो, युफोर्बियाला ती उशी नसते. मराठीत हा घोळ आधीपासूनच आहे. त्रिधारी निवडुंग हा युफोर्बिया, फड्या निवडुंग हा कॅक्टस, आणि आपण दोघांनाही निवडुंगच म्हणतो. शास्त्रात हे बसत नाही, पण नाव ठेवणाऱ्याने जे बघितलं ते काही चुकीचं नव्हतं. जाडजूड हिरवं खोड, पानं जवळपास गायब, अंगभर काटे. दोन घराण्यांचं एकमेकांशी जवळचं काही नातं नाही, मध्ये अख्खा अटलांटिक, आणि तरी अवतार सेम, कारण दोघांची अडचण सेम. पाणी कधीतरी येणार, आलं की पिऊन साठवायचं आणि पानांवाटे उडू द्यायचं नाही.

कुठलं हवामान तिथे कुठली झाडं, शाळेत हे सगळं नकाशावरचे रंगीत पट्टे म्हणून शिकवलं होतं, हिरवा म्हणजे वर्षावन, पिवळा म्हणजे वाळवंट, पाठ करा आणि विसरा. पट्ट्यांमागची गोष्ट खरं तर भारी आहे. विषुववृत्तावर हवा तापते, वर चढते, वर गेली की गार होते आणि जवळचं पाणी तिथेच ओतून मोकळी होते, म्हणून अमेझॉन आणि काँगोची जंगलं तिथे. मग ती रिकामी झालेली हवा उत्तर-दक्षिणेला सरकत जाऊन साधारण ३० अंशांच्या आसपास खाली उतरते, उतरताना दाबली जाते, पुन्हा तापते आणि ढग जमू देत नाही. सहारा, अरबस्तान, कलहारी, ऑस्ट्रेलियाचा मधला भाग, सगळे याच माळेचे मणी. पण सहाराच्याच अक्षांशावर दक्षिण चीनही आहे आणि तिथे मूळची सदाहरित जंगलं, कारण तिकडे उन्हाळ्यात समुद्रावरून मान्सून आत घुसतो. म्हणजे नुसता अक्षांश बघून काही खरं नाही.

हवामानाचे हे प्रकार ठरवले व्लादिमिर कोपेनने, आणि माणूस मुळात वनस्पतिशास्त्र शिकलेला, हे मला त्या रात्रीपर्यंत माहीतच नव्हतं. १८८४ साली त्याने तापमानाच्या पट्ट्यांचा नकाशा काढला आणि १९०० साली पूर्ण वर्गीकरण. त्याच्या सीमारेषा थर्मामीटरपेक्षा झाडांना विचारून आखलेल्या आहेत. सगळ्यात उबदार महिन्याची सरासरी १० अंशांच्या खाली गेली की झाडं संपतात, म्हणून ध्रुवीय हवामानाची रेष तिथे. म्हणजे आधी झाडं कुठे थांबतात ते बघायचं आणि मग आकडा लावायचा, हे मला तरी फार आवडलं.

त्या रेषेपलीकडे टुंड्रा. तिथे बऱ्याच ठिकाणी वर्षाला २५० मिलिमीटरसुद्धा पाऊस-बर्फ पडत नाही, हा आकडा चक्क वाळवंटाचा, आणि तरी उन्हाळ्यात चालायला जाल तर पाय चिखलात. कारण एवढ्या थंडीत पाण्याची वाफ फारशी होत नाही, आणि खालची जमीन कायमची गोठलेली असल्यामुळे पाणी मुरतही नाही. त्यामुळे पाऊस किती पडला हा अर्धाच प्रश्न, त्यातला उडून किती गेला हे बघावं लागतं, अगदी जमाखर्चासारखं. तिथे आर्क्टिक विलो नावाचं झुडूप आहे, त्याचे भाऊबंद इतरत्र चांगले उंच वृक्ष होतात आणि हे बहुतेक ठिकाणी घोट्यापर्यंतही येत नाही, जमिनीला चिकटून आडवं पसरतं, कारण जमिनीलगतची हवा जरा उबदार आणि वारा कमी. मान वर काढली की संपलं.

टुंड्राच्या खाली तैगा, सूचिपर्णी झाडांचा अफाट पट्टा. सूचिपर्णी म्हणजे बारमाही हिरवी असं आपण धरून चालतो पण पूर्व सैबेरियात लार्चचं राज्य आहे आणि लार्च हिवाळ्यात सगळ्या सुया टाकून देतो. तिथल्या ओयम्याकोन गावात १९३३ मध्ये उणे ६७.७ अंश नोंदलेत, तिथे सुया सांभाळत बसण्यापेक्षा दरवर्षी नव्या केलेल्या परवडतात.

मला सगळ्यात जास्त दया आली ती भूमध्य सागरी हवामानातल्या झाडांची. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत! पाऊस पडतो हिवाळ्यात, तेव्हा ऊन कमी, आणि उन्हाळ्यात ऊनच ऊन तेव्हा पाणी नाही. हे हवामान जगात पाचच ठिकाणी मिळतं, भूमध्य समुद्राभोवती, कॅलिफोर्नियात, मध्य चिलीत, दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला आणि ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण-नैर्ऋत्येला, आणि पाचही ठिकाणी झुडपांची पानं छोटी, जाड, चामड्यासारखी. ऑलिव्हचं पान हातात घेऊन बघा, वरून गुळगुळीत आणि खालून चंदेरी लव, ती लव पाणी धरून ठेवायला. वर उन्हाळ्यात वणवे. ऑस्ट्रेलियात बँक्सियाच्या काही जाती आपल्या बिया लाकडासारख्या कठीण फळांत वर्षानुवर्षं बंद ठेवतात आणि आग लागून गेल्यावरच फळं उघडतात.

आगीवरून आठवलं, सगळं श्रेय हवामानाला देऊन पण चालत नाही. आफ्रिकेत आणि ब्राझीलच्या सेराडोमध्ये अशा कितीतरी जागा आहेत जिथे पावसाच्या हिशोबाने जंगल व्हायला हवं आणि आहे गवताळ सव्हाना. कोरड्या दिवसांत गवत पेटतं, कोवळी रोपं जळतात, गवत पुन्हा येतं, असं चक्र. आग बरीच वर्षं थांबवली की झाडं दाटायला लागतात. म्हणजे एकाच पावसात दोन वेगळे बायोम (जंगल, गवताळ प्रदेश असे सजीवसृष्टीचे मोठे पट्टे) उभे राहू शकतात, आणि नकाशावर मात्र एकच रंग.

आणि सहारा तर सहाराच नव्हता. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे साधारण ११००० ते ५००० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात उन्हाळ्याचं ऊन जास्त मिळत होतं, मान्सून आतपर्यंत यायचा आणि तिथे गवत आणि तळी होती. अल्जीरियातल्या तासिलीच्या खडकांवर माणसांनी गुरांचे कळप रंगवून ठेवलेत. त्याच डोंगरात सुरूच्या जातकुळीतली दोनशेच्या वर थोडी झाडं अजून उभी आहेत, त्यातली काही २००० वर्षांहून जुनी मानतात. पाऊस गेला, गुरं गेली, ही झाडं कोरड्या ओढ्यांच्या पात्रात मुळं खोल सोडून राहिली, आणि त्यांच्याखाली नवीन रोप फार क्वचित दिसतं.