टाकी फुल्ल

जानेवारीतला मंगळवार, सकाळचे साडेनऊ. गॅरेजच्या शेडचं शटर वर जातंय तोच काकांचा फोन. "अरे, हालोलच्या पुढे उभे आहोत. बॅटरी संपली आणि इंजिन नुसतं खोकतंय." मागून काकूंचा आवाज आला, "दर्शन राहिलं म्हणावं त्याला!"

काका वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. त्यांची फियाट बडोद्यातल्या आमच्याच मकरपुऱ्याच्या शेडमध्ये यायची आणि मी तेव्हा पाने पुसून द्यायचो. काकांनी युनिव्हर्सिटीत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

2022 मध्ये त्यांनी अमदावादहून एक वापरलेली प्लग-इन हायब्रिड घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नाही. घरी चार्ज केलेल्या बॅटरीवर चाळीसेक किलोमीटर जायचं, मग पेट्रोलचं इंजिन. काकांचं घर अकोट्याला, गच्चीवर सोलर. भाजी, बँक, दांडिया बाजारात गाण्याची बैठक धरून दिवसाचे बारा-पंधरा किलोमीटर. पेट्रोलची वेळच येत नाही. महिन्याच्या शेवटी वहीत 'पेट्रोल : शून्य' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढायचे आणि तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचे. पावागडची देवी मात्र पन्नास किलोमीटरवर आहे.

टोवाला हूक लावून ओढायच्या तयारीत होता. फोनवरच ओरडलो, फ्लॅटबेडच आण, गाडी अख्खी वर चढवून नेणारा. या गाड्यांची चालती चाकं जमिनीवर ठेवून ओढलं की मोटर फिरते आणि नुकसान कुठपर्यंत जाईल ते सांगता येत नाही. आपल्याकडे टोवाले बेदरकार आहेत, आणि त्यांना कोणी काही शिकवतही नाही.

स्कॅनर लावला. सगळ्या सिलिंडरांवर मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट पेटतच नाही, आणि फ्युएल ट्रिम अधिक 22. म्हणजे कॉम्प्युटर जीव तोडून पेट्रोल वाढवतोय आणि तरी मिश्रण पातळच पडतंय. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला काकांनी आधीच फोन केला होता. त्यांचं उत्तर तयार होतं : गाडी आणा, पेट्रोल फवारणारे सगळे इंजेक्टर आणि हाय-प्रेशर पंप बदलू. गाडी न बघता. या लोकांना पार्ट बदलणं येतं, पार्ट का बिघडला हे विचारणं येत नाही.

मी आधी डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. ऑइल कमी होताना सगळे बघतात, वाढलेलं फार कमी लोक बघतात. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं सैल, आणि पेट्रोलचा वास. इंजिन गार असताना जास्त पेट्रोल घेतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं की ते उडून जातं. हे इंजिन तापलेलंच नव्हतं.

"काका, इंजिन मधेच आपोआप चालू व्हायचं का?"

"व्हायचं ना. दीड-दोन महिन्यांनी एकदा. बॅटरी फुल्ल असली तरी. मी लगेच गाडी बंद करायचो."

एवढ्या वर्षांत हे इंजिन चाललं ते असं, दोन-दोन मिनिटं. त्यात हायब्रिडमधलं इंजिन बिचारं सुनेसारखं. महिनोन् महिने कोणी विचारायचं नाही, आणि बोलावलं की थेट ऐंशीच्या वेगाला, गारठलेल्या अंगाने, पूर्ण वजन उचलायचं.

मग टाकी. साध्या गाडीत टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात जाते आणि इंजिन चालू असताना ते ती ओढून जाळून टाकतं. इथे इंजिन रोज चालतच नाही. डबा भरून वाफ बाहेर पडेल, म्हणून टाकीच सीलबंद ठेवतात, दाबाखाली. झाकण उघडायला आतलं बटण दाबून थांबावं लागतं, फुस्स झाल्याशिवाय कडी सुटत नाही. चार्जिंगची वायर काढली, मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढून खिशात ठेवला (खिशातच, टेबलावर ठेवला की कोणीतरी शहाणा परत लावतो), हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलना हात लावायच्या आधी दहा मिनिटं थांबलो. पेट्रोल काढताना शेडमधले पंखेसुद्धा बंद केले. मग लाइन सोडवून टाकीतल्याच पंपाने कॅनमध्ये काढायला सुरुवात केली.

माझ्या पोऱ्याने कॅनवर वाकून नाक मुरडलं. "शेठ, आ तो वास मारे छे."

ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो, डोळ्यांत झणझणतो. याला तो झणका नव्हता. जुन्या कपाटाला वार्निश मारून खोली बंद ठेवावी, तसा जड आंबूस वास. रंग कोऱ्या चहाचा. भरलं एकूण 44 लिटर.

काका स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "हे तुमच्या त्या ई-ट्वेंटीचं काम. वीस टक्के इथेनॉल, पाणी ओढतं, सगळ्यांना मेसेज आलेत." आजकाल पंक्चर झालं तरी लोक ई-20 वर ढकलतात. म्हटलं बघू. 100 मिलीचा काचेचा नळा घेतला. त्यात 10 मिली पाणी, वर 90 मिली टाकीतलं पेट्रोल, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, म्हणून खालची रेघ जेवढी चढेल तेवढं इथेनॉल. रेघ 20 च्या जवळ थांबली. पोऱ्याला पंपावरून ताजं पेट्रोल आणायला पाठवलं, तोच प्रयोग केला. ती रेघ 28 ला. म्हणजे टाकीतलं पेट्रोल ई-20 नव्हतंच, दहा-अकरा टक्केवालं, जुन्या जमान्यातलं. मूळ नमुना काचेच्या बाटलीत ठेवला होता, त्याच्या तळाशी पाण्याचा थेंबही नव्हता.

"मग भरलं कधी?"

ग्लोव्ह बॉक्समध्ये पंपाची पावती होती, पण शाई उडून कागद पांढराफटक. वही बघितली. नोव्हेंबर 2023, 'टाकी फुल्ल'. त्यानंतर पानोपानी शून्य. सव्वीस महिने. दोन वैशाख बडोद्याच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली.

काका क्षणभर गप्प झाले. मग अगदी वर्गात सांगावं तसं म्हणाले, "पेट्रोलमधल्या ओलेफिन्सचं ऑक्सिडेशन. चिकट गम होणारच. हे मी एमएस्सीला शिकवलंय रे." आणि हसायला लागले. काकूंना हसू आलं नाही.

रात्री वरच्या गॅलरीत उभं राहिलं की लांब कोयलीच्या रिफायनरीची ज्योत दिसते. 1965 पासून तिथे पेट्रोल बनतंय. गावात गंगा आणि घरात शिळं पाणी, तसलं झालं हे.

त्या रात्री बसून गणित केलं. समजा काकांनी आपोआप चालू होणाऱ्या इंजिनला त्याची दहा मिनिटं पुरी करू दिली असती. नुसतं उभ्या उभ्या चालताना ताशी लिटरभर धरा, म्हणजे एका वेळेला पाव लिटरच्या आत. वर्षात आठ वेळा झालं तर दीड लिटर. 44 लिटर संपायला एकोणतीस वर्षं! इंजिनला व्यायाम मिळाला असता, पेट्रोल तरी शिळंच राहिलं असतं. परदेशात ज्यांनी या गाड्या आधी केल्या त्यांना हे कळलं होतं. शेवरले व्होल्ट सहा आठवडे इंजिन चाललं नाही तर स्वतः चालवायची, आणि टाकीतल्या पेट्रोलचं सरासरी वय मोजायची. वर्ष उलटलं की बॅटरी भरलेली असो-नसो, तेच जाळायची, नाहीतर ताजं ओता म्हणायची. बीएमडब्ल्यूच्या आय-3 ला जनरेटरसारखं छोटं इंजिन, आणि टाकी फक्त 9 लिटरची. खरी अक्कल ही. शिळं व्हायला मुळात साठाच ठेवायचा नाही.

आता जे लिहायला बसलो ते. गाडी द्यायच्या दिवशी काकू सहज म्हणाल्या, "तूच ना सांगितलं होतंस टाकी भरून ठेवायला? म्हणून यांनी फुल्ल केली." तक्रारीचा सूर नव्हता, उलट तुझं ऐकलं हो आम्ही, असा होता.

सांगितलं होतं. 2023 च्या पावसाळ्यात, याच शेडमध्ये. वडिलांचं वाक्य आहे ते. गाडी उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भर. अँबॅसेडर-फियाटच्या टाकीला वरून हवा लागायची. रात्री गार झालं की टाकी दमट हवा आत ओढायची, पत्र्यावर दव धरायचं, तळाला पाणी आणि गंज. भरलेल्या टाकीत हवाच नाही तर दव कुठून? चोख सल्ला होता. पण ही टाकी सीलबंद, ती श्वासच घेत नाही. मी तोंडातून वाक्य काढलं, गाडीकडे बघितलंच नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांना वर नावं ठेवली, पण गाडी न बघता मत देण्यात मी त्यांच्यापेक्षा फार वेगळा निघालो नाही.

काकूंना तेव्हा म्हणालो, "हो, जुन्या गाड्यांचा नियम तो." आणि विषय बदलला.

काम तसं सुटसुटीत झालं. गमने चोंदलेले इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिकमध्ये धुतले. चारपैकी एकाचा फवारा धारेसारखाच पडत राहिला, तो बदलला. ऑइल, फिल्टर, लाइन धुणं. हाय-प्रेशर पंप वाचला. ताजं 12 लिटर घातलं आणि सावली गावाच्या रस्त्यापर्यंत पेट्रोलवरच फिरवून आणली. जुनं पेट्रोल शेडमधल्या ओम्नीत प्रत्येक फुल्ल टाकीला चार-पाच लिटर मिसळून जिरवतोय. पोऱ्याला ते ॲक्टिव्हात घालायचं होतं, नाही म्हटलं. बिलातून मजुरी काढून टाकली. काकांनी विचारलं का, तर "वडिलांच्या ओळखीची सवलत" असं म्हणालो. हेही वडिलांवरच ढकललं.

काकांना ठरवून दिलंय की टाकीत दहा-बारा लिटरच ठेवायचं, महिन्यातून एक रविवार गाडी पेट्रोलवर टाकून तासभर चालवायची, तीन-चार महिन्यांत ते संपवून ताजं घ्यायचं. काकू त्या तासाचा उपयोग डाकोरला जायला करणार आहेत. काकांनी वहीत नवा रकाना आखलाय, शून्य मोडल्याचं त्यांना दुःख आहे हे दिसतं.

माझ्याकडे अशा आणखी चार गाड्या येतात. गेल्या तीन वर्षांत टाकी भरून ठेवा असं कोणाकोणाला सांगितलं ते आठवायला बसलो. दोघांना फोन केला, एकाने भरलीच नव्हती, एकाने अर्धी. तिसरे उद्या दाखवायला येतायत. चौथ्यांचा फोन लागत नाही. गाडी त्यांच्या अंगणात कव्हर घालून उभी आहे, आणि ते लेकीकडे न्यू जर्सीला, दिवाळीपर्यंत. निघताना हौसेने सांगून गेले होते, तुमच्या म्हणण्याप्रमाणे फुल्ल करून ठेवली आहे.