थीमने पळवलेला एच१ : माझा अनुभव

शेतीची माहिती देणाऱ्या एका मराठी वेबसाइटची हेडिंग्ज नीट लावायचं काम नुकतंच संपवलं. लेखांच्या आतली दुरुस्ती सोपी. 'हरभरा लागवड' हे शीर्षक एच१, म्हणजे एचटीएमएलमधलं सगळ्यात वरच्या पायरीचं हेडिंग. जमीन, पेरणी, खतं, रोग-किडी हे एच२. रोग-किडींच्या पोटात घाटे अळी आणि मर रोग हे एच३. नुसती ठळक केलेली ओळ दिसायला हेडिंगसारखी असली तरी एचटीएमएलमध्ये ती परिच्छेदच राहते, म्हणून अशा सगळ्या ओळी वर्डप्रेसच्या (साइट ज्यावर चालते ती प्रणाली) हेडिंग ब्लॉकमध्ये बदलून घेतल्या.

अडलं ते थीमपाशी, म्हणजे साइटचा साचा आणि रूप ठरवणाऱ्या फाइलींपाशी. एडिटरमधली आउटलाइन, म्हणजे हेडिंग्जची उतरंड, अगदी बरोबर होती. पण प्रकाशित झालेलं पान डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एचटीएमएल तपासणीत घालून 'आउटलाइन'वर टिक केली, तर प्रत्येक पानाचा एच१ म्हणजे लोगोशेजारचं साइटचं नाव! लेखाचं शीर्षक थीमने एच२ करून टाकलेलं, म्हणजे 'हरभरा लागवड' आणि 'पेरणी' एकाच पायरीवर. साइडबारमधलं 'ताज्या नोंदी' एच३, त्यामुळे ते 'रोग-किडी'चं पोटहेडिंग झालेलं. म्हणून सांगतो, एडिटरवर विसंबू नका. तपासायचं ते ब्राउझरला मिळणारं पान.

थीम विकणाऱ्यांच्या मदतकक्षाला लिहिलं. उत्तर आलं, "गूगलला एकापेक्षा जास्त एच१ चालतात." ते खरंच आहे. गूगलच्या जॉन म्यूलर यांनी २०१९ मध्येच तसं सांगितलंय. पण माझी तक्रार संख्येची नव्हतीच. शोधनिकालातला मथळा ठरवताना गूगल टायटल टॅगबरोबर (पानाच्या कोडमध्ये दिलेलं नाव) पानावरचं ठळक शीर्षक आणि हेडिंग्जही बघतं. सगळ्या पानांवर तोच एच१ असेल तर त्यातून त्या पानाबद्दल काहीच कळत नाही. शिवाय एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणारा अंध वाचक १ हे बटण दाबून एच१वर जातो. त्याला पिकाचं नाव ऐकू यायला हवं, दर वेळी साइटचं नाव नव्हे. हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं, तर पुन्हा तोच परिच्छेद चिकटवून आला. पैसे मोजून घेतलेल्या थीमकडून एवढी दुरुस्ती मागणं गैर नाही. अजूनही त्याचा राग येतो.

शेवटी चाइल्ड थीम केली, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली, फक्त आपले बदल ठेवणारी वेगळी थीम. मूळ थीमच्या फाइलींना हात लावू नका, पुढच्या अपडेटला बदल पुसले जातात. हेडर फाइलमध्ये अट घातली : मुखपृष्ठ असेल तर साइटचं नाव एच१, नाहीतर साधा परिच्छेद. लेखाच्या टेम्पलेटमध्ये शीर्षक एच२चं एच१ केलं. विभागांच्या यादीत मात्र विभागाचं नाव एच१ आणि लेखांची नावं एच२च ठेवायची. टॅगला दिलेले क्लास (रूप लावायची नावं) तेच ठेवूनही साइटच्या नावाचा आकार बिघडला, कारण सीएसएसचा, म्हणजे रूप ठरवणाऱ्या कोडचा, नियम एच१ टॅगला बांधलेला होता. तो नुसत्या क्लासवर आणला. कॅशे (पानाची साठवलेली जुनी प्रत) रिकामी केल्यावरच नवं पान दिसलं.

लेख वर्डमधून येत असतील तर लेखकांना तिथे 'हेडिंग २'पासून सुरुवात करायला सांगा. 'हेडिंग १' चिकटवताना एच१ होऊनच येतं. अक्षरं लहान हवीत म्हणून एच४ निवडणं तर बंदच करा. आकार ब्लॉकच्या टायपोग्राफी सेटिंगमधून बदलतो.

नुसत्या पायऱ्या लावून शोधनिकालातला क्रमांक वर जात नाही, हेडिंगमधले शब्दही तितकेच महत्त्वाचे. 'कीड' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'हरभऱ्यावरील घाटे अळीचं नियंत्रण' लिहा, शेतकरी तेच शोधतो. मग सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या यूआरएल तपासणीत लाइव्ह चाचणी करून गूगलला मिळालेलं एचटीएमएल बघा आणि महत्त्वाच्या पानांसाठी इंडेक्सिंगची विनंती टाका. अनुक्रमणिकेचं प्लगइन हेडिंगच्या मजकुरातून दुवा बनवत असेल, तर मजकूर बदलल्यावर जुने दुवे नेमक्या जागी जात नाहीत; अशा हेडिंगला ब्लॉकच्या 'प्रगत' भागात एचटीएमएल अँकर (दुव्यासाठीचं कायमचं नाव) हाताने देऊन ठेवा.