तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी मेकॅनिककडे का देत नाही?

पार्किंगमध्ये पाट टाकून मी माझ्या येझदी मोटरसायकलशेजारी बसलो, की जिन्यावरून येणारं-जाणारं कोणीतरी विचारतंच, "अहो काका, सरळ मेकॅनिककडे का नाही टाकत?" टाकली होती की. दोनदा.

गाडी 1979 ची. म्हैसूरचा तिचा कारखाना 1996 मध्येच बंद पडला, त्यामुळे तिची नस ओळखणारे हातही आता कमीच. दुखणं असं, की सकाळी दुसऱ्या किकला सुरू व्हायची आणि कात्रजचा घाट निम्मा चढला की ठप्प. वीस मिनिटं सावलीत उभी केली, की जणू काही झालंच नाही. मेकॅनिककडे पोचेपर्यंत इंजिन गार. तिथे पहिल्या किकला सुरू! तो माझ्याकडे बघणार, मी गाडीकडे. एकाने पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर साफ केला, दुसऱ्याने ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल बदलली. पैसे गेले, घाटातलं थांबणं काही गेलं नाही.

गरम झाल्यावर होणारा बिघाड गरम असतानाच धरावा लागतो. त्यासाठी कोणत्या गॅरेजवाल्याला वेळ असतो?

म्हणून एका रविवारी घाटाच्या पायथ्यापर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि अडखळायला लागल्याबरोबर गाडी घरी आणली. आधी टाकीचं झाकण सैल केलं. झाकणाचं बारीक भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल उतरायचं थांबतं, आणि लक्षणं हुबेहूब हीच. पण हवा आत शिरल्याचं 'सुस्स' झालं नाही. मग फडक्यात धरून ठिणगी पाडणारा प्लग काढला (तरी बोट भाजलंच). प्लग ओला. म्हणजे पेट्रोल येतंय, जळत नाहीये. प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या हेडला टेकवला, किक दाबली. ठिणगी पिवळी, मरतुकडी.

उजव्या बाजूचं कव्हर काढलं, मुलाला किक मारायला सांगितलं आणि अंधार व्हावा म्हणून मी ओंजळ धरून आत डोकावलो. पॉइंटवर, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचवर, पांढऱ्या-निळ्या ठिणग्या तडतडत होत्या. तिथे खरं तर टाचणीच्या टोकाएवढी दिसली तर दिसावी. पॉइंट उघडताना प्रवाह झटक्यात तुटला, तरच कॉइल जोरदार ठिणगी देते. तो झटका झेलायचा कंडेन्सरने. हा बोटाच्या पेराएवढा डबा तापला की हात टेकत होता, सगळा जोर पॉइंटवरच जळत होता, आणि पॉइंटची तोंडं काळी पडली होती.

एका जुन्या कारचा कंडेन्सर पडून होता. तो वायर जोडून इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, कॉइलपाशी बसवला. पॉइंट घासून फट 0.4 मिलिमीटर केली. ठिणगी निळी आली, चक्क 'टक्' असा आवाज करत. त्या संध्याकाळी बोगदा पार करून खेड शिवापूरला चहा घेतला.

आता धूर जरा जास्त वाटतोय. टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल असतंच, धूर येणारच. पण इंजिन तापल्यावरही तो कमी होत नाही. डाव्या बाजूचं क्रँकचं (इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं) ऑइल अडवणारं सील गेलं, तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं. गेल्या महिन्यात ऑइल मोजून भरलंय. या रविवारी काढून परत मोजणार आहे.