बालगृहाचे परवानगीपत्र आणि समाजकार्याची पदवी

बेंगळुरूतील एका ख्रिस्ती अभिमत विद्यापीठातून मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केली. प्रवेश परीक्षा, मुलाखत आणि वसतिगृह हे सगळे सुरळीत पार पडले. घरच्यांना धर्माची काळजी होती. पण कार्यक्रमाच्या आरंभी प्रार्थना होई, एवढेच, आणि तीत सामील होण्याची सक्ती माझ्यावर कधीही झाली नाही. शिवाय आपल्याकडे या शिक्षणाचा पायाच मिशनच्या कामातून घातला गेला आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात नेबरहूड हाऊस हे वस्तीतील समाजकार्याचे केंद्र सुरू केले आणि त्याच अनुभवातून १९३६ मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीने आजच्या 'टिस'ची (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची) मूळ संस्था उभी राहिली.

खरा त्रास झाला तो शेवटच्या सत्रातील सलग क्षेत्रकार्याच्या, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करण्याच्या, वेळी. मुलांशी त्यांच्या भाषेत बोलता यावे म्हणून मी माझ्याच जिल्ह्यातील शासकीय बालगृह निवडले. त्यासाठी महिला व बालविकास खात्याच्या जिल्हा कार्यालयाची परवानगी लागते. विभागप्रमुखांचे इंग्रजी पत्र मी आवक-जावक टेबलावर दिले आणि तिथेच ते अडकले. कधी "साहेब मीटिंगला आहेत", कधी "टिपणी (म्हणजे मंजुरीसाठीचा कार्यालयीन शेरा) वर गेली आहे", तर कधी संबंधित लिपिक रजेवर असे. अखेर एका ज्येष्ठ कर्मचारी बाईंनी गठ्ठा सोडला, तेव्हा माझे पत्र खालच्या बाजूला, विद्यापीठाच्या पाकिटासकट, जसेच्या तसे निघाले. त्यावर टिपणी लिहिलीच गेली नव्हती. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे बाहेरच्या विद्यार्थ्याला आत सोडण्यापूर्वी कार्यालयाने शंभर प्रश्न विचारावेत, हे मला पूर्णपणे मान्य आहे. माझा राग आहे तो एकही प्रश्न न विचारता कागद पडू देण्यावर, कारण तिकडे विद्यापीठात क्षेत्रकार्याचे तास भरले नाहीत, तर पदवी अडते आणि त्याचा जाब कोणत्याही टेबलाला द्यावा लागत नाही.

म्हणून सांगते, पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका आणि पुढची प्रत्येक विचारपूस त्या क्रमांकानेच करा. इंग्रजी पत्रासोबत मराठी पत्र जोडा. माझी टिपणी त्यानंतरच लिहिली गेली. अर्ज अधिकाऱ्याच्या नावाने करू नका, पदनामाने करा, म्हणजे बदली झाली तरी तो चालतो. गोपनीयतेचे हमीपत्र कोणी मागण्याआधीच सोबत द्या. हे सारे आधीच्या सत्रातच सुरू करावे. आणि हो, पहिल्या वर्षी आठवड्यातून दोन दिवस बेंगळुरूच्या वस्त्यांत जावे लागते. तेव्हा कामापुरते कन्नड आले नाही, तर घरभेटीत नुसते बसून राहावे लागते. वर्ग सुरू होण्यापूर्वीच ते शिकायला लागा.

परवानगी मिळाल्यावर बालगृहात मला एका मुलाच्या सामाजिक तपासणी अहवालाच्या, म्हणजे त्याच्या घरच्या परिस्थितीची माहिती देणाऱ्या अहवालाच्या, कामात सहभागी होता आले. त्याच्या मामाचे घर शोधून काढले, शेजाऱ्यांशी बोलले, शाळेचा दाखला मिळवला. अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे तो अहवाल वाचला गेला, तेव्हा मला फार अभिमान वाटला. तो कागद वेळेत हलला असता, तर हे काम मला आणखी काही मुलांसाठी करता आले असते.