मुठेच्या पाण्यातले औषधाला न जुमानणारे जिवाणू मोजायचे कसे

नदीच्या पाण्याचा अहवाल हातात आला की बहुतेकांची नजर आधी बीओडीवर (सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) जाते, मग फीकल कोलिफॉर्मवर (विष्ठेतून येणारे जिवाणू). दोन्ही आकडे कामाचे आहेत. पण त्या पाण्यातल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूंपैकी कितींवर सेफोटॅक्झिम हे प्रतिजैविक चालत नाही, हे त्यातला एकही आकडा सांगत नाही. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत मैलाशुद्धीकरण केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याला १०० मिलीत १००० एमपीएन (जिवाणूंची अंदाजे संख्या) फीकल कोलिफॉर्मची मर्यादा आहे. प्रतिरोधाबद्दल अक्षर नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकं किती असावीत याच्या मर्यादा २०२० च्या मसुद्यात होत्या, पण अंतिम नियमांत त्या उरल्या नाहीत. जे मोजायचं बंधन कुणावरच नाही ते कुणीतरी नीट मोजायला हवं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. वाचणाऱ्यांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी असतील असं धरलं आहे.

पुण्यात हे मोजण्याला कारणही आहे. मुठेच्या गाळावरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात नदी शहरात शिरण्याआधीच्या गाळाच्या तुलनेत शहरातल्या गाळात प्रतिरोधाची जनुकं सुमारे ३० पटींपर्यंत जास्त आढळली. त्यांत कार्बापेनेम गटातली प्रतिजैविकं निकामी करणारी जनुकं होती आणि कोलिस्टिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं एमसीआर-१ हे जनुकसुद्धा होतं. बाकी सगळी औषधं थकली की डॉक्टर ज्या औषधांकडे वळतात, ती हीच.

मैलाशुद्धीकरण केंद्र झालं की हा प्रश्न मिटला, असं अनेकांना वाटतं. केंद्रं हवीतच, पण ती बांधली जातात सेंद्रिय भार उतरवण्यासाठी. दुय्यम प्रक्रियेनंतर (हवा देऊन जिवाणूंकडून घाण खाववण्याचा टप्पा) ई. कोलाय साधारण ९० ते ९९ टक्क्यांनी घटतात. ऐकायला हे मोठं वाटतं. पण कच्च्या मैलापाण्यात १०० मिलीत १ कोटी ई. कोलाय असतील, तर ९९ टक्के गेल्यावरही १ लाख उरतात, आणि त्यातलं प्रतिरोधक जिवाणूंचं प्रमाण जवळपास आधीइतकंच राहू शकतं. शिवाय हवा खेळवलेल्या टाकीत जिवाणू एकमेकांना खेटून वाढतात. प्लाझ्मिडची (प्रतिरोधाची जनुकं वाहणारी डीएनएची छोटी वर्तुळं) देवाणघेवाण व्हायला ती जागा सोयीची. शेवटी क्लोरीन देतात, पण पाण्यात अमोनिया उरला असेल तर आधी क्लोरामाइन बनतं आणि त्याचा मारा सौम्य असतो. अमोनिया-नायट्रोजनच्या वजनाच्या आठ ते दहा पट क्लोरीन दिल्याशिवाय मोकळा क्लोरीन उरत नाही. मेलेल्या पेशींतला, प्रतिरोधाची जनुकं असलेला डीएनए पाण्यात राहतो तो वेगळाच.

मोजायचं काय? शेकडो जनुकांच्या मागे लागण्यापेक्षा ईएसबीएल, म्हणजे सेफोटॅक्झिमसारखी औषधं मोडणारी एन्झाइमं, तयार करणारे ई. कोलाय मोजावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या ट्रायसायकल पद्धतीत हाच निर्देशक धरला आहे. माणूस, अन्न आणि पाणी या तिन्हींत तो सापडतो, आणि एक फिल्टर संच, एक इनक्यूबेटर एवढ्यावर काम भागतं. पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवून जनुक शोधण्याची चाचणी) सोय असेल तर उत्तम. पण गाळातल्या ह्युमिक आम्लांमुळे अभिक्रिया अडते आणि खोटा शून्य हाती येतो, म्हणून डीएनए दहापट विरळ करूनही एकदा लावून बघावा.

जागा निवडताना पहिली चूक 'शहराच्या वरचा' नमुना घेताना होते. खडकवासला धरणाच्या भिंतीखाली पाणी स्वच्छ असणार असं धरून लोक तिथे बाटली भरतात. पण धरण आणि शहर यांच्या मध्ये नांदेड, किरकटवाडी, शिवणे, उत्तमनगर अशी दाट वस्ती आहे. तुलनेचा नमुना खडकवासल्याच्या जलाशयातूनच घ्यावा. पुढे विठ्ठलवाडी, आंबिल ओढा मिळाल्यानंतरचा एखादा पूल, मुळा-मुठेच्या संगमाच्या खाली आणि मुंढवा. मुंढवा गाळू नये, कारण तिथल्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याची विहीर) प्रक्रिया केलेलं पाणी उचलून कालव्याने हवेली-दौंडकडच्या शेतीला दिलं जातं.

बाटली २५० मिलीची, निर्जंतुक, रुंद तोंडाची. तोंड प्रवाहाकडे करून हातभर खोलीवर भरायची, वर बोटभर हवा सोडायची. काठाचं साचलेलं पाणी किंवा जलपर्णीखालचं पाणी नको. क्लोरीन दिलेलं पाणी असेल तर दर १२० मिलीला १० टक्के सोडियम थायोसल्फेटचे ०.१ मिली बाटलीत आधीच घालून ठेवावे. नाहीतर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतो आणि केंद्राचं काम आहे त्याहून चांगलं दिसतं. बाटल्या बर्फात, प्लेटिंग (नमुना अगारच्या प्लेटवर लावणं) शक्यतो सहा तासांच्या आत. केंद्राच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याची तुलना करायची असेल, तर दोन्ही नमुने एकाच वेळी घेऊन उपयोग नाही. पाणी आत जितके तास थांबतं तितक्या तासांनी बाहेरचा नमुना घ्यावा.

प्रयोग बिघडतो तो बहुतेकदा प्लेट ओततानाच. टीबीएक्स अगारचे (ई. कोलायच्या कॉलनी निळ्या-हिरव्या दाखवणारं माध्यम) दोन संच लागतात: एक साधा, दुसऱ्यात लिटरला ४ मिलीग्रॅम सेफोटॅक्झिम. मिलीला ४ मिलीग्रॅमचं द्रावण करून ०.२२ मायक्रॉनमधून गाळलं, की लिटरभर अगारला १ मिली पुरतं. पोटन्सी (पावडरीत खरं औषध किती ते) बघून वजन करावं; डबीवर मिलीग्रॅमला ९२० मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर ४ नव्हे, द्रावणाच्या दर मिलीला ४.३५ मिलीग्रॅम घ्यावं लागतं. अगार ४५ ते ५० अंशांपर्यंत उतरल्यावरच औषध घालायचं. वाफाळत्या अगारमध्ये ओतलं तर औषध मोडतं, साधे जिवाणूही त्या प्लेटवर उगवतात आणि प्रतिरोध भरमसाट दिसतो. जुन्या प्लेट वापरल्या तरी हेच होतं. म्हणून प्रत्येक खेपेला एटीसीसी २५९२२ हा संवेदनशील ई. कोलाय दोन्ही प्लेटवर लावायचा. औषधाच्या प्लेटवर तो उगवला, तर त्या दिवसाचे सगळे आकडे टाकून द्यावेत. ते वाचवायचा मोह होतो, पण तो टाळावा.

गाळण्यासाठी ४७ मिलिमीटरचा, ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर. फनेलमध्ये आधी २० मिली निर्जंतुक सलाइन ओतून मग नमुना घातला की कॉलनी सारख्या पसरतात. सर्वांत विरळ नमुन्यापासून सुरुवात करावी. फिल्टर अगारवर ठेवताना खाली बुडबुडा राहिला तर तेवढी जागा कोरी राहते. ३५ ते ३७ अंशांना १८ ते २४ तास ठेवून निळ्या-हिरव्या कॉलनी मोजायच्या. पांढऱ्या मोजायच्या नाहीत. सुडोमोनास, असिनेटोबॅक्टर असे मुळातच चिवट जिवाणू त्यांत असतात.

एक हिशोब, फक्त रीत कळण्यापुरता. साध्या प्लेटवर ०.०१ मिली पाण्यातून ४० कॉलनी आल्या, म्हणजे १०० मिलीत ४ लाख. औषधाच्या प्लेटवर ०.१ मिलीतून ६० आल्या, म्हणजे १०० मिलीत ६० हजार. प्रमाण १५ टक्के. औषधाच्या प्लेटला दसपट पाणी लागलं हे लक्षात घ्या. दोन्हीकडे सारखंच पाणी गाळलं, तर एक प्लेट कॉलनींनी भरून जाते किंवा दुसरी रिकामी राहते. फिल्टरवर २० ते ८० कॉलनी असाव्यात. त्याहून दाटी झाली की प्रतिरोधक जिवाणूंनी सोडलेल्या एन्झाइममुळे आजूबाजूचं औषध संपतं आणि त्या आडोशाला संवेदनशील जिवाणूही वाढतात.

औषधाच्या प्लेटवर वाढलेलं सगळं ईएसबीएल नसतं, एएमपी-सीवालेही (क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाने न रोखलं जाणारं वेगळं एन्झाइम असलेले) असतात. काही कॉलनी शुद्ध करून, ०.५ मॅकफार्लंड इतक्या ठरावीक गढूळपणाचं द्रावण करून म्युलर-हिंटन अगारवर पसरायच्या आणि १५ मिनिटांच्या आत औषधाच्या चकत्या ठेवायच्या: सेफोटॅक्झिम ३० मायक्रोग्रॅमची एक, आणि त्यातच १० मायक्रोग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेली दुसरी. दुसरीभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं कोरं वर्तुळ पहिलीपेक्षा ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठं आलं तर ईएसबीएल. अगारचा थर बरोबर ४ मिलिमीटर हवा. जाड थरात वर्तुळं आक्रसतात.

या निमित्ताने एक गैरसमज दूर करायला हवा. औषधाला न जुमानणारा जिवाणू उकळत्या पाण्याला किंवा मोकळ्या क्लोरीनला दाद देत नाही, असं नाही. खळखळ उकळलेल्या पाण्यात तोही मरतो. घरात काळजी घ्यायची ती अशा पाण्यावर पिकू शकणाऱ्या, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांची. शिजलेल्या पालकापेक्षा पोह्यांवर भुरभुरलेली कोथिंबीर जास्त जपून धुवावी. आधी मुळं छाटून माती काढायची, मग वाहत्या पाण्याखाली पानं मोकळी करत धुवायची.

प्रत्येक नमुन्यासोबत तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, आदल्या तीन दिवसांचा पाऊस आणि त्या दिवशी खडकवासल्यातून सुटलेलं पाणी क्युसेकमध्ये लिहून ठेवा. भिडे पूल पाण्याखाली असताना घेतलेला नमुना मेमधल्या नमुन्याशी नुसत्या आकड्यावर ताडून पाहता येत नाही. पुरात १०० मिलीतली संख्या पाणी मिसळल्यामुळे उतरते, पण तळाचा गाळ ढवळून वर येतो आणि एकूण वाहून जाणारा भार वाढलेलाही असू शकतो. अशा वेळी साध्या आणि औषधाच्या प्लेटमधलं प्रमाण जास्त भरवशाचं.

हे काम घरच्या ओट्यावर करायचं नाही. मोजलेल्या प्लेट पिशवी सैल बांधून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना किमान ३० मिनिटं. पिशवी गच्च भरली असेल तर वाफ आत पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. सिंकमध्ये धुतलेली एक प्लेट म्हणजे निवडून वाढवलेले लाखो प्रतिरोधक जिवाणू पुन्हा त्याच नदीत.